खाणीतली एकच वाट

प्रिय बाबा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आवाज का बसलाय गं तुझा?" भांडून बसलाय. ऑफिसात.

आमच्या नव्या व्हिडिओ गेमची गोष्ट मी लिहितेय. त्यात खेळणाऱ्याला वाट निवडता येत नाही. गोष्ट नेईल तिकडेच जायचं. साहेबांना ती एका राज्यात घडायला हवी होती. राजवाडा, बागा, लांबवर निळे डोंगर. केलं तसं. खेळून बघायला आलेली माणसं अर्ध्या तासात वैतागली. "त्या डोंगराकडे जाताच येत नाही? मग दाखवता कशाला?" एक बाई तर म्हणाल्या, हा राजवाडा नव्हे, तुरुंग आहे.

मग मी तीच माणसं, तीच भांडणं, तीच वाट उचलली आणि कोळशाच्या खाणीत नेऊन ठेवली. दोन भाऊ, कपाळावर दिवे, मागे कोसळलेलं छत. वळता का येत नाही, असं कुणीही विचारलं नाही. त्याच बाई श्वास रोखून पुढे सरकत होत्या. नुसती जागा बदलली आणि सक्तीची जिद्द झाली, बाबा!

साहेब म्हणाले, "अंधार कोण विकत घेतो? मुकाट्यानं राज्यात परत चल." मी म्हटलं, खाण राहील, नाहीतर मी जाईन. बरीच खडाजंगी झाली. शेवटी त्यांनी हात टेकले, पण अखेरचा प्रसंग याच महिन्यात हवा म्हणाले.

तोच लिहिता येत नाहीये. खाण मला कुठून सुचली, हे तुम्ही ओळखलं असेलच. काका गेला तेव्हापासून आपल्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. त्याच्या फोटोसमोरून तुम्ही मान खाली घालून जाता. आईकडून मी तुकडेतुकडे ऐकलेत आणि इतकी वर्षं मूग गिळून बसलेय. आता नाही.

रविवारी सकाळी घरी येतेय. त्या दिवशी खाणीत तुम्हा दोघा भावांचं काय झालं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. रागावलात तरी उठणार नाही. लेक कुणाची आहे! माझ्या गोष्टीत धाकटा ढिगाऱ्याखाली अडकतो आणि थोरल्याला त्याला सोडून वर यावं लागतं. खेळणारा सगळी बटणं दाबून बघेल, मागे फिरू पाहील. दुसरी वाट नव्हतीच, थोरल्याचा काही दोष नव्हता, हे त्याला आतून पटायला हवं. आणि बाबा, तुम्हालाही.

तुमचीच,
हट्टी लेक