ग्राउटखालचे टाचे

चिकलठाणा, औरंगाबाद
२१ जानेवारी १९८८

प्रिय कडूबा,

दोन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाय. परवा द्वारकावहिनी गुलमंडीत कापड घ्यायला आल्या होत्या, तिथं आमच्या सारजाला भेटल्या. म्हणाल्या, आठ महिने झाले, ह्यांनी छिन्नीला हात लावला नाय. गावातल्या शाळेच्या पायऱ्यांचं काम चालून आलं, तेही परत पाठवलं. म्हणतात माझ्या हातचं टिकत नाय. सारजानं घरी येऊन हे सांगितलं आणि मी ताटावरून उठलो. तुझ्या हातचं टिकत नाय? अरे, वेड लागलं का तुला?

व्हय, कंपनी तसं म्हणाली, मी तिथंच उभा होतो. एप्रिलात आपण पत्रा दाबायची ती मोठी प्रेस बसवली, मे महिन्यात हादरायला लागली, आणि अनंतराव साहेबांनी उघडूनसुद्धा न बघता ठरवून टाकलं, की खालचं काँक्रीट कडूबानं छिन्नीनं नीट टाचून खडबडीत केलं नाय, म्हणून वर प्रेसखाली ओतलेल्या पातळ मसाल्यानं, ग्राउटनं, पकड धरली नाय. तू छिन्न्या गोणपाटात गुंडाळल्या आणि अजिंठ्याची एसटी धरलीस. तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. निदान शिव्या तरी द्यायच्या होत्यास!

तू गेल्यावर जे गडी आले, त्यांचं काम बघशील तर कपाळावर हात मारशील. टाचायला सांगितलं तर कोंबडीनं उकरल्यासारखं वरवर खरवडतात, सिमेंटची साय तशीच ठेवतात आणि बिडी ओढायला बसतात. पाणी मारून भिजत ठेवा म्हटलं तर एकमेकांकडं बघून हसतात. मला मिस्त्री म्हणतात, पण ऐकत कुणी नाय. आणि साहेब? आठ महिने बोल्ट आवळून आवळून तीच प्रेस चालवली. आता मशीनच्या बैठकीला तडा गेला तेव्हा कुठं जाग आली.

सोमवारी क्रेन लावून प्रेस उचलली. ग्राउट फोडायचं काम माझ्याकडंच आलं. कडेनं फोडत मध्यावर आलो आणि हातातला घण खाली ठेवला. मधोमध पोकळी होती, परातीएवढी, आतून गुळगुळीत. भोवतालचा ग्राउट मात्र सुटता सुटत नव्हता, खालचं काँक्रीट घेऊनच वर येत होता. जो काही सुटा निघाला त्याच्या पोटावर तुझे टाचे उमटले होते, एकूण एक, तिरपे, खोल, एका मापाचे. गडी वाकून बघायला लागले. एक म्हणाला, लई जबर हात होता कुणाचा तरी. मला तिथं उभं राहवेना.

आता ऐक. ती पोकळी कशी झाली हे मला फोडायच्या आधीपासून माहीत होतं. ग्राउट ओतायच्या दिवशी तू वेरूळला गेला होतास, वहिनींचा नवस फेडायला. जाताना तीनदा बजावलंस, बन्सी, एकाच बाजूनं ओत, समोरच्या बाजूनं बाहेर दिसेपर्यंत थांबू नको. मी तसंच सुरू केलं. पण ऊन मरणाचं, मसाला घमेल्यातच आवळायला लागला, समोरून काही दिसेना, आणि साहेब घड्याळ बघत डोक्यावर उभे. माझा धीर सुटला. मी पलीकडून पण चार घमेली ओतली. झालं, हवा मधे कोंडली. दुसऱ्या दिवशी हातोडीनं ठोकून बघितलं तर मधे बद्द वाजलं. तुला कळलं नाय, कारण तू यायच्या आत मीच साहेबांना सांगून मोकळा झालो होतो, की सगळं भरीव आहे.

आणि तुझ्यावर आळ आला तेव्हा मी खाली बघत होतो. हे आठ महिने माझी जीभ कुठं गेली होती, ते मलाच सांगता येत नाय. दुसऱ्यांवर चिडतो, गड्यांवर ओरडतो, सारजाच्या अंगावर धावून जातो, आणि खरा राग माझाच मला येतो.

काल सगळं साहेबांना सांगून टाकलं, गड्यांच्या देखत. वाटलं, मला हाकलतील, निदान तुझ्यावरचा आळ तरी काढतील. त्यांनी काय म्हणावं? झालं ते झालं बन्सी, आता कोण विचारतंय, शुक्रवारी प्रेस उभी राहिली पाहिजे. बस्स! तुझ्यावर ठपका ठेवायला त्यांना एक मिनिट लागलं होतं, पुसायला तेवढाही वेळ नाय.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाय. बद्रीनाथ कंडक्टरच्या हातून पाठवतोय, सोबत पोत्यात ग्राउटचा एक तुकडा आहे. जड आहे, सांभाळून उतरव. मला माफ कर असं मी म्हणणार नाय, ते तुझं तू बघ. फक्त तुकडा पालथा घाल आणि त्याच्या पोटावरून हात फिरव. मग वहिनींना फिरवू दे, नंतर पारावर नेऊन ठेव. जो म्हणेल कडूबाचं टिकत नाय, त्याला सांग, वरचं बन्सीनं बिघडवलं होतं. आणि मग शाळेत जाऊन पायऱ्यांचं काम मागून घे.

तुझाच, तोंड दाखवायची हिंमत अजून न झालेला,
बन्सी