लॅपटॉपमागचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ
बुओना व्हिस्टा

लिथुआनियात कंपनी चालवायच्या परवान्यासाठीची ऑनलाइन मुलाखत आज एकदाची झाली. आमच्या क्रिप्टो कंपनीत संशयास्पद व्यवहार रोखणारा अधिकारी म्हणून समीर सरांनी माझं नाव दिलंय. कंपनी त्यांची, इथं परदेशात राहून काम करायचा माझा एम्प्लॉयमेंट पासही त्यांच्याच हातात. नाही कसं म्हणणार?

परवाना देणाऱ्या खात्याच्या, स्क्रीनवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "मालकांचाच व्यवहार संशयास्पद वाटला तर थांबवाल?"

"हो. लगेच. कोणालाही न विचारता."

लॅपटॉपमागे बसलेल्या सरांनी अंगठा वर केला. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

तो अंगठा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

"मस्त बोललास रे! परवाना आलाच समज," सर म्हणाले. आला तर उद्याच्या भानगडींना उत्तर मी द्यायचं. नाही आला तर चंबूगबाळं आवरून पुण्याला. यातलं काय हवंय मला?

बायकोनं, मेघानं, घरी आल्या आल्या विचारलं, "कशी झाली?" छान, म्हणालो. तिला अंगठ्याचं काय सांगू?

आणि अंगठा तर नंतर वर झाला. "कोणालाही न विचारता" म्हणण्याआधी मीच मान वर करून सरांकडे बघितलं होतं.