पाटकऱ्याचा समुद्र

२ नोव्हेंबर, रविवार
वृषालीला नागपूरची नोकरी लागली. आठ डिसेंबरला जॉइनिंग. जेवताना अनिता म्हणाली, पोरगी जायच्या आत तिघं मिळून एकदा समुद्र बघू. लग्नात मीच अनिताला तसा शब्द दिला होता. सत्तावीस वर्षं झाली. दर वेळी पाटाचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, आडवं आलं, त्यात माझा काय दोष? आता रिटायर झालोय.

एसटीने समुद्राला कुणीही जातं. आपण घाटमाथ्यावरून घळीने चालत कोकणात उतरायचं, संध्याकाळी समुद्र. एका दिवसात. बत्तीस वर्षं पाटकरी होतो, कालव्याचं पाणी शेतांना वाटायचो; पाण्याच्या कडेने चालणं हाच माझा धंदा. (तसा मी मोटरसायकलवर असायचो. पण पाणी तेच.)

३ नोव्हेंबर, पहाटे ५:००
संकल्प: रोज कालव्याच्या कडेने आठ किलोमीटर.

३ नोव्हेंबर, ५:४०
माळेगावची कुत्री मला गाडीशिवाय ओळखत नाहीत. चहाच्या टपरीपर्यंत गेलो. सुरुवात म्हणून पुरे.

९ नोव्हेंबर
नकाशावर घाटापासून समुद्र दोन बोटं. वृषाली म्हणते, घळ संपल्यावर अजून साठ-सत्तर किलोमीटर आहे. फोन रस्त्याने मोजतो, त्याला काय कळतं. तरी पोरीचं मन राखायला आरिफची जीप सांगितली. आरिफ शाळेपासूनचा मित्र, बारामतीत भाडी मारतो. पहाटे आम्हाला माथ्यावर सोडेल आणि घाट उतरून खाली थांबेल.

२३ नोव्हेंबर
नवे बूट घेतले. चावतात. चांगले बूट आधी चावतातच. सराव: उद्यापासून नक्की.
अनिताने पेटीतली निळी साडी काढून तिला फॉल लावून आणला. समुद्रात भिजवायची आहे म्हणे.

३० नोव्हेंबर, रविवार, स. ७:३०
माथा. तिघांचेही फोन बंद करून माझ्या पिशवीत. रेंज माणसाला आळशी करते. इथून दोन ओहोळ निघतात. एक गुराखी म्हणाला, कोकणात जायचं तर पलीकडचा धरा. मी पाणी बघितलं. अलीकडच्याला धार जास्त. बत्तीस वर्षांची नजर आहे, गुराख्याचं काय ऐकायचं. अलीकडचा धरला.

९:१५
वृषालीची शंका: सूर्य तोंडावर येतोय, समुद्र तर पश्चिमेला. तिला सांगितलं, घळीत सूर्य फिरतो.

११:३०
बूट काढून गळ्यात अडकवले. अनिता पुढे, साडी खोचून, धोंड्यावरून धोंड्यावर. अवघड जागी मला हात देते. मी मुद्दाम मागे आहे. मागची बाजू कुणीतरी सांभाळायला हवी.

दु. १:००
भाकरी, शेंगदाण्याची चटणी. अनिताने विचारलं, समुद्राचा आवाज लांबून येतो ना? सकाळपासून कान देऊन ऐकतेय, काही येत नाही. म्हटलं, वारा उलटा आहे.

४:१०
समुद्र! घळ संपली आणि समोर निळं पाणीच पाणी. पलीकडे डोंगर दिसतात, ते बेट असावं. वृषाली पाणी सोडून माझ्याकडेच बघतेय, आनंदाने असेल. अनिता सरळ गुडघाभर पाण्यात गेली. साडी भिजली. हसत होती. अशी हसलेली मी फार वर्षांत बघितली नव्हती. मग तिने ओंजळ भरून तोंडाला लावली.
"अहो, ह्ये गोड हाय."

५:००
जाळं सुकवणाऱ्या माणसाने सांगितलं, हे धरणाचं पाणी. वृषालीने पिशवीतून फोन काढून चालू केला. माथ्यापलीकडचं पाणी कोकणात जातं, अलीकडचं देशावर. आम्ही दिवसभर घराकडेच चाललो होतो. याच धरणाचं पाणी नदीने आमच्या कालव्यात येतं. बत्तीस वर्षं मी हेच पाणी शेतांना वाटत होतो.
अनिता काठावर साडी पिळत बसली.
"म्हंजी ह्ये पाणी आपल्या घरामागनं जातंय," ती म्हणाली. "तितंच पाय बुडिवलं असतं की."
ओरडली असती तर बरं झालं असतं.
आरिफचे अकरा मिस्ड कॉल. दुपारपर्यंत वाट बघून, आम्ही पुढे गेलो असू म्हणून तो आम्हाला शोधायला थेट किनाऱ्यावर गेला. तिथला फोटो पाठवलाय. चांगला आलाय.

१ डिसेंबर
पाय सुजले. चूक फोन बंद ठेवण्याची, दिशेची नाही. पुढचा रविवार धरू म्हटलं. वृषाली बॅग भरता भरता म्हणाली, "पप्पा, माझी गाडी शनिवारी हाय."

६ डिसेंबर, शनिवार
वृषाली गेली. आरिफच्याच जीपने स्टेशनला सोडून आलो. परतल्यावर आरिफने सीटखालून दोन लिटरची बाटली काढून अनिताला दिली. "वहिनी, त्या दिवशी भरून आणलं हुतं. द्यायला धीर झाला न्हाय." समुद्राचं पाणी.

तो गेल्यावर अनिताने अंगणात परात ठेवली, बाटली ओतली आणि त्या पाण्यात उभी राहिली. पाणी घोट्यापर्यंतही आलं नाही. मी वही काढली होती, जानेवारीचा प्लॅन लिहायला. लिहिला नाही. लाज वाटली.
कसं वाटतंय, विचारलं.
"गार हाय," म्हणाली.
घरामागे पाटाला आवर्तन सुटलं होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळाने ती पाय पुसून आत गेली. परात मी घासून ठेवली.