लिंबावरची चांदणी

हिंगोली,
डिसेंबर १९४८

प्रिय शांतवन,

तुझं पत्र येऊन महिना होत आला आणि मी आज कुठे उत्तराला बसलोय. आधी माझा सलाम घे, राग नंतर काढ. इथे बरं आहे असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा बरं आहे. ज्वारी हुरड्यावर आली आहे, हिंगोलीच्या बाजारात पुन्हा गाड्या सुटायला लागल्या आहेत, कचेरीवर नवा झेंडा आहे. मी मात्र फार थकलो आहे रे. सकाळी उठतो तोच दमलेला उठतो. प्रार्थनेची घंटा वाजवताना दोरीला लोंबकळतो की काय असं वाटतं. तू असतास तर म्हणाला असतास, संतरामा, तू घंटेला वाजवतोस की घंटा तुला?

तू दोन गोष्टी विचारल्यास. या नाताळात उपदेश कशावर करणार, आणि आमचा पेमा काय करतो, अजून लिंबाच्या शेंड्यावर चढतो का. तुला वाटलं असेल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

माझा उपदेश तुला ठाऊक नाही असं थोडंच आहे. मला एकच येतो. वेळ भरली तेव्हा देवानं आपला पुत्र पाठवला, आधी नाही आणि नंतरही नाही. नगरच्या मिशनच्या शाळेत हा पाठ चालू असताना तू बाकावरून उठून विचारलं होतंस, लोक शतकानुशतकं रडत होते तर देवानं एवढा उशीर का केला? पाद्रीसाहेबांनी रोमच्या सडका सांगितल्या, गावोगाव समजणारी एक भाषा सांगितली, थांबलेल्या लढाया सांगितल्या. तुझं समाधान झालं नाही, माझं लगेच झालं. माझं तेव्हा कशानंही व्हायचं. पाठांतराला उभा राहिलो की मी मधेच अडकायचो, आणि मागच्या बाकावरून तू पुढचे शब्द पुटपुटायचास. तेवढ्यावर मी मास्तर झालो, हे या वस्तीला अजून कळलेलं नाही.

इथे रोमच्या सडका सांगून कोणाला काय कळणार! मी वाफसा सांगितला. पाऊस पडला म्हणून कोणी लगेच तिफण धरत नाही, चिखलात दाणा सडतो. माती सुकल्यावरही उपयोग नाही. देवही वाफसा पाहून पेरतो, असं म्हटलं की माना डोलायच्या. त्यातूनच आमची रीत पडली. बांबूच्या काड्यांची, लाल कागदाची मोठी चांदणी करायची, लिंबाखाली तिच्यात दिवा ठेवायचा, पण लावायचा नाही. सगळ्यांनी अंधारात बसायचं. मी ते ‘वेळ भरली तेव्हा’चं वाक्य म्हणायचं, आणि ते संपलं की पारुबाईनं काडी ओढायची. वस्तीवर पहिला बाप्तिस्मा तिचा, म्हणून हा मान तिचा. मग तिचा पोरगा पेमा फांदीवर बसून दोरीनं चांदणी वर ओढायचा. त्याचं नाव योहान ठेवा म्हणून तू किती मागे लागला होतास! पारुबाईनं ऐकलं नाही. देवाला पेमा म्हनून वळखू येत न्हाई व्हय, असं तिनं तुलाच सुनावलं होतं.

यंदाचा पावसाळा कसा गेला ते तू वर्तमानपत्रात वाचलं असशीलच. रझाकारांची टोळी केव्हा येईल आणि कोणाच्या घरातलं काय उचलील याचा नेम नव्हता. बायका-लेकरं पिकात लपून बसायची. रोज संध्याकाळी आम्ही प्रार्थना करायचो, आणि रोज कोणीतरी उठून विचारायचं, मास्तर, देव काहून येऊन नाही राहिला? मी म्हणायचो, वेळ भरायची आहे.

मग भादव्यात एका संध्याकाळी बाजाराहून आलेल्या माणसानं बातमी आणली, हिंदुस्थानची फौज आली, उद्या इथे पोचते. शांतवन, असा आनंद मी या वस्तीवर पाहिला नव्हता. पेमानं माझ्या आढ्यावरून गेल्या नाताळची चांदणी काढली आणि दोरी घेऊन सरसर लिंबावर चढला. पारुबाई खालून लटकं रागावली, आरं, आजून वाक्य कुठं झालंय? तेव्हा त्या पोरानं वरून घसा खाकरला आणि हुबेहूब माझ्या आवाजात, माझ्यासारखाच मधे अडकून, ते अख्खं वाक्य म्हटलं. वस्ती पोट धरून हसली. मीही हसलो. आणि पारुबाईनं हसत हसत काडी ओढली, पेमानं चांदणी वर ओढून घेतली.

बातमी खरी होती. फौज दुसऱ्या दिवशी दुपारी आलीच. पण त्या संध्याकाळी सडकेनं पळणाऱ्या टोळीला झाडावर दिवा दिसला आणि ही फौजेला खूण आहे असं त्यांना वाटलं. पेमाला खाली उतरायलाही मिळालं नाही. एकाच गोळीत तो गेला. खांदा द्यायला आमच्याबरोबर पिंजाऱ्याचा बाबूमियाँ होता. पुढे रझाकारांचा बदला मुसलमानांवर घेणाऱ्यांनी त्याचंही घर जाळलं, त्यानं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं तरी. मला आता कोणाचा रागही धरवत नाही.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. म्हणायला गेलो की त्याच्याच आवाजात ऐकू येतं. आणि खरं सांगू का, आता तुझा प्रश्न माझा झाला आहे. देवाला शतकांचा हिशेब बिनचूक जमला, मग आमच्या एका रात्रीचा का जमला नाही? पाद्रीसाहेब असते तर त्यांनी काही सांगितलं असतं. मला ऐकून घ्यायची ताकद नव्हती. वस्तीनं आपसात ठरवून टाकलं, औंदा चांदणी नको, मुकाट्यानं प्रार्थना करायची. मला सुटल्यासारखं झालं. पारुबाईला कोणी विचारलंच नाही. ती प्रार्थनेला येत नव्हती, कोणाशी बोलत नव्हती, चुलीतला विस्तव शेजारणीकडून मागून आणायची पण काडी ओढायची नाही.

परवा ती बांबूच्या तासलेल्या काड्यांची मोळी घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, मास्तर, लाल कागद मागवा. मग म्हणाली, तुमी वाक्य म्हना, दिवा मी लावते. औंदा न्हाई लावला तर माझं लेकरू झाडावरून खोटं बोललं असं व्हईल. ते खोटं न्हाई बोललं. एवढं बोलून मोळी ठेवून गेली. मी उंबऱ्यातच बसून रडलो, आणि पेमा गेल्यापासून पहिल्यांदाच रडलो.

हे पत्र त्यासाठी आहे. कागद नगरहून आण, इथला एका दवात फाटतो. मनमाडवरून पूर्णेला ये, तिथून हिंगोलीची गाडी पकड, स्टेशनावर मी बैलगाडी घेऊन उभा असेन. उपदेश तू करू नकोस, वाक्य मलाच म्हणायचं आहे, तिनं मला सांगितलं आहे. तू फक्त माझ्या मागे बस, शाळेत बसायचास तसा. मी अडकणार हे नक्की. अडकलो की पुढचे शब्द हळूच सांग, आणि लवकर सांग. समोर पारुबाई काडी हातात धरून उभी असेल, तिला अंधारात ताटकळत ठेवायचं नाही.

तुझाच, अजून पाठांतरात कच्चा,
संतराम