एकेचाळीस चिठ्ठ्या

१२ जून

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. आईंचे गुडघे थकलेत, जीभ अजून थकलेली नाही. काचा घासणारे काका रोज येतात आणि रोज सांगतात की हा महिना शेवटचा. ह्यांना जाऊन आठ महिने झाले. चष्म्याचं दुकान आता मीच बघते. डोळे तपासायला आठवड्यातून तीन दिवस एक डॉक्टरीणबाई येतात.

मी हल्ली कॉम्प्युटरची पुस्तकं वाचते. ग्रंथालयातली बाई म्हणाली, "काकू, कादंबऱ्या संपल्या वाटतं?" दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेवढ्यात चार पानं होतात. निम्मं कळत नाही, ते पुन्हा वाचते.

त्या नादात तुमची वही काढली. जाताना 'दादासाठी' लिहून काउंटरवर ठेवलीत ती. ह्यांनी ती उघडली नव्हती. मीही नाही.

तो आठवडा तुम्ही विसरला नसाल. मी काउंटरवर चष्म्याचा नंबर टाकला की तुमचा एक प्रोग्रॅम तो पाइपमध्ये, म्हणजे दोन प्रोग्रॅमांना जोडणाऱ्या नळीसारख्या फाइलीत, लिहायचा, दुसरा तिथून वाचून आतल्या खोलीत काकांसाठी चिठ्ठी छापायचा. मग चिठ्ठ्या येईनाशा झाल्या. माझ्या पडद्यावर 'पाठवले' दिसायचं, आत काका रिकामे. त्यांना वाटलं, धंदा बसला. चौथ्या दिवशी चष्म्याची वाट बघून कंटाळलेल्या त्या शिक्षिकाबाई आल्या आणि भर दुकानात ह्यांना नाही नाही ते बोलल्या.

"तुझा प्रोग्रॅम झोपलाय, आणि तूही," हे तुम्हाला म्हणाले.

"दादा, वाचणारा नसता तर लिहिणारा अडून बसला असता. तो अडत नाहीये. म्हणजे चिठ्ठ्या कुठेतरी जाताहेत. दोन तास दे मला."

"कुठे जाताहेत? तुझ्या सासरी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी फ्रेमा पुसत होते. पुसतच राहिले. दोन तास मिळाले नाहीत, तुम्ही घर सोडलंत.

वहीच्या पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय, काही बिघडलं तर आधी फाइलींची यादी बघा, पाइपच्या ओळीच्या सुरुवातीला पी हे अक्षर दिसलं पाहिजे. परवा मी पाहिलं. तिथे नुसती आडवी रेघ होती. म्हणजे साधी फाइल. उघडली, तर आत सगळे नंबर ओळीने, एकेचाळीस. शिक्षिकाबाईंचा नववा. फाइल बनल्याची तारीख त्या आठवड्यातल्या सोमवारची.

त्या सोमवारी डिस्क भरल्याची सूचना सारखी येत होती. फडताळ आवरावं तशी मी नको त्या फाइली काढत सुटले. एकीचा आकार शून्य होता. रिकामी आहे, ठेवायची कशाला, म्हणून काढली. तोच तुमचा पाइप. त्यात काही साठत नाही, आकार शून्यच दिसतो, हे आता कळतंय. तुमचा वाचणारा प्रोग्रॅम त्या जुन्या पाइपलाच कान लावून बसला. लिहिणाऱ्याने नाव सापडेना म्हणून त्याच नावाची साधी फाइल बनवून घेतली आणि तीत भरत राहिला.

इथेच थांबले तर मला समजत नव्हतं एवढंच ठरेल. तसं नाही, भाऊजी. 'कुठेतरी जाताहेत' म्हणालात, तेव्हाच मला ती फाइल आठवली. संबंध नीट लागला नाही, पण शंका आली. मी काहीतरी काढलंय, एवढं बोलले असते तर तुम्हाला दोन तास मिळाले असते. ह्यांचा चढलेला आवाज माझ्याकडे वळेल म्हणून बोलले नाही. पुढे रोज ते जास्तच अवघड होत गेलं.

दवाखान्यात हे म्हणाले होते, "बोलवायचं का त्याला?" मी म्हटलं, "बरे व्हा, मग आपणच जाऊ." तुम्ही आलात की तो विषय निघेल, ही भीती. मग तुम्ही आलात ते सगळं आटोपल्यावर, आणि आईंनी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं. तेव्हाही मी आतच होते.

काल वहीत लिहिल्याप्रमाणे पाइप नव्याने बनवला. दोन्ही प्रोग्रॅम सुरू केले, चिठ्ठी छापून आली. काका म्हणाले, "हुशार होता हो, फक्त आळशी." मी सांगितलं, आळशी नव्हते, चूक माझी होती. काका हातातली काच उजेडाकडे धरून बसले. मग म्हणाले, "हे आईंना माहितेय?"

नाही. हे पत्र पेटीत टाकून घरी जाईन आणि त्यांच्यासमोर बसून सांगेन. पत्राआधी त्यांचा फोन तुम्हाला येईल असं वाटतं. त्या मला जे काही बोलतील ते बोलू द्या, माझी बाजू घेऊ नका. तुमचं नाव त्या घरात घेत नाहीत, ते माझ्यामुळे.

माफी दोघांची मागायची होती. एकाची राहिली.

दोन भावांच्या मधे गप्प उभी राहिलेली,
वहिनी