ती बसून सांगेल

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण पोलीस ठाण्यात बोलायला उभी राहिले की आधी तुम्हीच डोळ्यांपुढे येता. हो, मी आता पोलिसांना शिकवते. हसू नका. आम्ही मोजक्या बायका आहोत, प्रत्येकीचं लहानपण कुणी ना कुणी नासवलेलं. फौजदार, डॉक्टर, शिक्षक यांना आम्ही सांगतो की असं मूल तुमच्या दारात येतं तेव्हा त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि कशानं त्याची वाचा बसते. हे पुस्तकातून सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही ठाण्याच्या बाकावर बसून आलोय, म्हणून आमचं ऐकतात.

तेव्हा चिकलठाण्याकडं कारखाने उभे राहत होते. मेंढरं विकून वडील तिथं बांधकामावर लागले, आई घमेली उचलायची. मुकादम मला साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायला न्यायचा. भांडी थोडीच असायची. आईला वाटायचं, पोरगी उन्हातून सुटली. मी वर्गात झोपायला लागले. एकदा तुम्ही सगळ्यांसमोर रागावलात, "घरी झोपत नाहीस का गं?" मी म्हणाले, "घरी डोळा लागंना, भ्या वाटतं." तुम्ही खडू खाली ठेवलात. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात नेलंत, दार उघडंच ठेवलंत आणि विचारलंत, "मी तुझ्याशेजारी बसू का?" माझ्या मर्जीचा प्रश्न मला तोवर कुणी केला नव्हता. मी रडले, मग बोलले. तुम्ही मध्ये एकदाही "आधी का नाही सांगितलंस" म्हणाला नाहीत.

नामांतराचे दिवस. शहर कधी चालू, कधी बंद. तुम्ही मला तक्रार द्यायला नेलंय. ठाण्यात मी उभी आहे आणि मुकादम खुर्चीत बसलाय. जमादार म्हणतो, "पुन्हा सांग, फौजदारसाहेबांनी ऐकलं नाय." मी पुन्हा सांगते. मग दुसरा येतो, त्यालाही पहिल्यापासून हवं असतं. माझा आवाज जातो. तेव्हा तुम्ही पुढं येता. "ती आता बसून सांगेल. एकदाच सांगेल. आणि हा माणूस बाहेर जाईल."

जमादार तुमच्याकडं खालपासून वर बघतो. "क्रांती चौकात मोर्च्याला असता ना तुम्ही? तरीच आवाज चढलाय."

"असते. आम्हाला आमचं उभं राहून मागावं लागतंय, ते मागू आम्ही. हे लेकरू आहे. याला खुर्ची द्या."

खुर्ची मिळाली, बाई. मुकादम हर्सूलच्या जेलात गेला. साहेब लोकांना काही झालं नाही. तुमची मात्र बदली झाली, लांबच्या खेड्यात. वस्तीत लोक पाठ फिरवू लागले, आई म्हणायची, "बाईनं आपली इज्जत चव्हाट्यावर आणली." तरी तुम्ही सुट्टीच्या दिवशी यायचात, आईच्या हातचा कोरा चहा प्यायचात आणि माझी शाळा सुटू द्यायची नाही एवढंच बोलून जायचात. आईला तुमच्याशी भांडायला जमलं नाही. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा वस्तीभर पेढे तिनंच वाटले.

आता कारखाने बिडकीनपर्यंत गेलेत. मध्ये तिकडच्या पोलिसांपुढे बोलत होते, तर एक तरुण फौजदार उठला. "मॅडम, पोरं बनवून पण सांगतात की." मी म्हणाले, "खरं-खोटं तपासात कळेल, तपास तुमचाच आहे. पण ऐकतानाच पोरीला खोटं ठरवलंत, तर ती गप्प होईल. मग तपासणार काय?" तो खाली बसून मोबाइल बघायला लागला. मला वाटलं, हा गेला हातचा.

काही महिन्यांनी त्याचाच फोन आला. "मॅडम, एक पोरगी आलीय, कामगाराची. लई घाबरलीय, टेबलाखाली जाऊन बसलीय. मी काय करू?" मी म्हणाले, "काहीच करू नका, आम्ही निघालो." पोचलो तर तो वर्दी उतरवून, साध्या शर्टात फरशीवर बसला होता. ज्याच्यावर आरोप होता त्याला त्यानं आधीच दुसरीकडं हलवलं होतं. पोरीला विचारत होता, "मी इथं बसू का?" ती म्हणाली, "नाय. तिकडं." फौजदार उठला आणि भिंतीपाशी जाऊन बसला. बऱ्याच वेळानं पोरगी टेबलाखालून बाहेर आली, आईच्या मांडीवर बसली आणि बोलली. साध्या साडीतली महिला पोलीस लिहीत होती. डॉक्टरीणबाईंनीही तेच लिहिलेलं वाचलं, तिला पुन्हा सांगायला लावलं नाही. या वेळी नेणारा आत आहेच, आणि ज्याच्या खोलीवर नेलं तोही आत आहे. पोरगी शाळेत जाते. तिची आई मला म्हणाली, "ताई, हिला कुनीच ओरडलं नाय." तिला त्याचंच नवल वाटत होतं.

आता एक सांगते, आमच्या बायकांनाही न सांगितलेलं. शिकवताना मी म्हणते की ठाण्याची भीती माझ्या मनातून केव्हाच गेली. ऐकणाऱ्यांना ते आवडतं, मलाही आवडतं. पण त्या दिवशी पोरगी बोलून होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर पदर मुठीत आवळून, उघड्या दारातून बघत बसले होते, आणि आत जायला पाय उचलत नव्हते. सोबतच्या बायकांना वाटलं, आत गर्दी नको म्हणून मी बाहेर थांबले. हे लिहिलेले कागद पोस्टात टाकायचे नाहीतच. तुम्ही असता, तरी टाकले नसते. वाचून तुम्ही मिळेल ती एसटी धरून आला असता.