मुठीतलं बटण

सोमवार, ४

आमच्या कारखान्यातलं नवं बटण आज बाबांच्या हातात दिलं. वायर नाही, बॅटरी नाही. पाठीवरची काळी पट्टी खोलीतला उजेड घेते आणि थोडी थोडी वीज साठवते. दाबलं की हॉलमध्ये घंटा. शिवाय अधूनमधून माझ्या फोनवर नुसतं "मी आहे" कळवत राहतं.

दादा म्हणाला, "त्यापेक्षा ताटली-चमचा दे, वाजवतील!" मला हसू आलं नाही. आधीची बॅटरीवाली बेल कधी बंद पडली कुणाला कळलंच नव्हतं. बाबांना बोलता येत नाही, उठता येत नाही. आम्ही बाहेर टीव्ही बघत होतो, आणि ते आत दाबत होते.

बुधवार, ६

"मी आहे" दोनदा चुकलं. धावत गेले. बाबा ठीक. पण बटण मुठीत घट्ट — झोपेतसुद्धा सोडत नाहीत. पट्टीवर उजेड पडणार कुठून?

कारखान्यात आम्ही शहाण्यांनी ते टेबलावर ठेवून तपासलं, भिंतीला चिकटवून तपासलं. घाबरलेला माणूस ते असं धरून ठेवेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आई म्हणते, "मूठ उघडायला गेलं की रडतात गं. राहू दे."

गुरुवार, ७

वरिष्ठांना सांगितलं. (सगळे त्यांना मीटरराव म्हणतात, खिशात कायम वीज मोजायचा मीटर.) म्हणाले, "हाक मारण्यापुरतं राखून ठेव. गप्पा कशाला मारायला लावतेस त्याला?" म्हणजे साठा खाली गेला की "मी आहे" बंद, उरलेली वीज एकदा दाबण्यासाठी.

पटलं. पण मग फोन गप्प झाला तर काय समजायचं? राखलंय की संपलंय? दोन्ही सारखंच दिसणार!

शुक्रवार, ८

आई बाबांचं अंग पुसत होती तेवढ्यात बटण घेतलं. नवा प्रोग्रॅम घातला, खिडकीत धरलं. आभाळ भरलेलं. बाबांची नजर माझ्या हातावरून हलेना. बघवेना, लगेच परत दिलं.

शनिवार, ९

दुपारपासून फोन गप्प.

दाबून बघू? पण दाबलं तर राखलेलं तेच जाईल. मग खरंच वेळ आली तर? भीती वाटते. आई माझ्यावरच चिडली — "मी असते ना त्यांच्यापाशी! उगाच जीव टांगणीला लावून घेतेस."

रविवार, १०

अजून गप्प. जेवण गेलं नाही.

सोमवार, ११

दवाखान्यात बसून लिहितेय. सकाळी घंटा वाजली! दादा आणि मी धावलो. बाबांना काहीच झालं नव्हतं. पलंगाच्या पलीकडे आई पडली होती.